पाठीमागचा हात

रुग्णालयाच्या तळघरात, धुलाईखान्याला लागून, एक लांबट खोली होती. दारावर 'कापड विभाग' अशी पाटी होती, पण ती पाटी वाचून कुणी तिथे पोहोचल्याचं ऐकिवात नव्हतं. लोक शिवणयंत्राच्या खडखडाटाच्या मागावर जायचे. आत दोन्ही बाजूंना छतापर्यंत चादरींच्या थप्प्या, आणि खिडकीखाली यंत्रावर वाकून बसलेल्या एक बाई. त्यांना सगळे मशीनमावशी म्हणत. आडनाव फक्त पगाराच्या कागदावर होतं.

या नावावरून एकदा गंमतच झाली. एका नवीन शिकाऊ डॉक्टरांना कुणीतरी थाप मारली, की छातीचा फोटो काढायचा असेल तर पेशंटला मशीनमावशींकडे न्या. ते बिचारे एका आजोबांना चाकाच्या खुर्चीत बसवून थेट तळघरात हजर. मावशींनी आजोबांकडे नीट पाहिलं, त्यांच्या स्वेटरचं लोंबणारं बटण पक्कं शिवून दिलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडचं काम झालं. छाती वर बघतात."

बावीस वर्षं मावशी हेच करत होत्या. रोज सकाळी गाड्यावरून फाटक्या कपड्यांचा ढीग यायचा. कुठलं कापड कुठल्या विभागातलं, हे त्यांना शिक्का न बघता कळायचं. लहान मुलांच्या विभागातल्या चादरींचे कोपरे चघळून चोथा झालेले असत. बाळंतिणींच्या विभागातले उशांचे अभ्रे मुठींत पिळून पिळून शिवणीवर विरलेले. आणि चार नंबरच्या वॉर्डातून, म्हणजे पुरुषांची पोटाची ऑपरेशनं होत तिथून, जे गाऊन यायचे, त्यांचा पाठीमागचा मधला बंद हमखास तुटलेला. शिवाय कमरेच्या मागे, उजव्या बाजूला, कापड असं चुरगळलेलं की इस्त्रीलाही दाद देत नसे.

मावशी तो बंद पुन्हा लावत. आधी साधी टीप घालत, मग दुहेरी घालू लागल्या, मग आतून कापडाचा चौकोनी तुकडा ठेवून त्यावर शिवू लागल्या. बंद तरीही तुटायचाच. "या पुरुषांना कपडा हाताळायची अक्कलच नाही," असं पुटपुटून त्या पुढचा गाऊन ओढायच्या. वरच्या वॉर्डांत जायचं त्यांना कधी कारण पडलं नव्हतं. कापड खाली येत होतं, शिवून वर जात होतं. मधली माणसं त्यांनी पाहिलीच नव्हती.

मग त्यांच्या घरचंच माणूस चार नंबरमध्ये दाखल झालं.

मावशींचे यजमान शाळेत कवायतीचे मास्तर होते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी गल्लीत सगळे त्यांना मास्तरच म्हणत. ताठ कणा, कडक इस्त्रीची पँट, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. चौतीस वर्षांच्या संसारात मावशींनी त्यांना बनियनवर दार उघडताना पाहिलं नव्हतं. पेपरवाला आला तरी हे आधी शर्ट चढवणार, मग कडी काढणार. स्वभाव कडक, पण आतून माणूस लोण्यासारखा. मावशींच्या डोळ्यांवर ताण येतो म्हणून रोज सकाळी त्या कामाला निघण्याआधी डझनभर सुयांमध्ये दोरे ओवून डबीत खोचून ठेवायचे. त्याबद्दल बोलायचे मात्र नाहीत.

आतड्यात गाठ निघाली. ती साधी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, पण काढणं भाग होतं. ऑपरेशन सुरळीत झालं. मावशींचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आता चालायचं. दिवसातून चार वेळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पडून राहिलात तर छातीत कफ धरेल, पायात रक्ताची गुठळी होईल. चालणं हेच खरं औषध."

मास्तरांनी मान डोलावली आणि डोळे मिटून घेतले.

दुपारच्या सुट्टीत मावशी वर आल्या, तर हे तसेच पडलेले. "चाललात का?"

"पाय दुखतात."

तिसऱ्या दिवशी पाय दुखत नव्हते, पण डोकं गरगरत होतं. चौथ्या दिवशी झोप येत होती. ज्या माणसाने तीस वर्षं पोरांना 'एक दोन, एक दोन' करत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, तो माणूस खाटेवरून पाय खाली सोडायला तयार नव्हता. सिस्टर रागावल्या, डॉक्टरांनी समजावलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी अंगात बारीक ताप आला आणि खोकला सुरू झाला. डॉक्टरांचा चेहरा बदलला. ते मावशींना बाजूला घेऊन म्हणाले, "उद्याही उठले नाहीत, तर मग मला काळजी वाटेल. मन खचलंय का त्यांचं? तुम्ही विचारून बघा."

मावशी खाटेच्या कडेवर बसल्या. मास्तरांचा हात हातात घेतला. तो नेहमीसारखा कोरडा आणि खडबडीत होता, फक्त जरा जास्त गरम.

"अहो, मला खरं सांगा. भीती वाटते का? दुखतंय का खूप?"

"नाही गं."

"मग काय होतंय? मला नाही सांगायचं तर कुणाला सांगणार?"

मास्तरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग इतक्या हळू आवाजात बोलले की मावशींना कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

"अगं, मागून उघडं पडतं."

"काय?"

"हा गाऊन. मागून उघडा पडतो. आतलं काही घालू देत नाहीत, टाक्यांना घासतं म्हणून. आणि समोरच्या खाटेवर कोण आहे माहितीये? माझा विद्यार्थी. शर्ट नीट खोच, शर्ट नीट खोच, म्हणून मी त्याला पाच वर्षं ओरडलोय. त्याच्यापुढून मी असा जाऊ?"

मावशींना हसू आलं. ते त्यांनी ओठ घट्ट मिटून आवरलं, कारण मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बरं, पडा तुम्ही," एवढंच म्हणून त्या बाहेर आल्या आणि वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसल्या. पेशंट तिथेच येरझारा घालत. आत वॉर्डापासून बाहेरपर्यंत भिंतीला लाकडी दांडा बसवला होता, आधारासाठी. मावशी बघत राहिल्या.

एक म्हातारे गृहस्थ आले. एका हातात सलाईनचा स्टँड, दुसरा हात पाठीमागे, गाऊनची दोन टोकं मुठीत आवळलेली. त्यांच्यामागून एक टॅक्सीवाले काका आले, चांगले धिप्पाड. त्यांच्या पोटातून काढलेल्या नळीची पिशवी एका हातात, दुसरा हात पाठीमागे. मग आणखी एक, आणि आणखी एक. वय वेगळं, चाल वेगळी, पण उजवा हात प्रत्येकाचा पाठीमागे. भिंतीचा दांडा मोकळाच होता. त्याला धरायला तिसरा हात कुठून आणणार?

परत फिरताना टॅक्सीवाल्या काकांचा पाय घसरला. एवढा मोठा माणूस, पण हात आधी सुटलाच नाही मागचा. अब्रू आधी आणि जीव नंतर, असंच त्या हाताला वाटलं असावं. ते गुडघ्यावर आदळले, पिशवी हातातून सुटली. सिस्टर धावल्या, मावशीही धावल्या. फार लागलं नव्हतं. काकांना उठवताना मावशींचा हात त्यांच्या गाऊनला मागून लागला, आणि बोटांना ती जागा ओळखू आली. मधला बंद तुटलेला. उजव्या बाजूचं कापड चुरगळलेलं.

मावशी तिथल्या तिथे उभ्या राहिल्या. बावीस वर्षं. बावीस वर्षं त्याच जागी टाका घालतेय मी, आणि इथेच का फाटतं हे एकदाही विचारलं नाही. उलट या माणसांनाच नावं ठेवली.

त्या तळघरात गेल्या आणि दुरुस्तीच्या ढिगातून एक गाऊन उचलला. मागचे दोन पल्ले टेबलावर पसरले. दोन्ही पल्ले जेमतेम एकमेकांना टेकत होते, माणूस जरा जाडजूड असला तर तेवढेही नाही. त्यांनी उजव्या पल्ल्याला जुन्या, मऊ झालेल्या चादरीची दीड वीत रुंद पट्टी जोडली, म्हणजे तो डाव्यावर चांगला चढेल. पाठीमागचे बंद काढून टाकले. त्याऐवजी दोन लांब बंद लावले आणि एकाला बाहेर यायला बगलेच्या शिवणीत मोठं काज केलं. दोन्ही बंद फिरवून पुढे आणायचे आणि कमरेशी, कडेला गाठ मारायची. ज्याची त्याला, स्वतःच्या हाताने. मग जरा विचार करून मांडीच्या वर एक झाकणाचा खिसा लावला, नळीची पिशवी मावेल एवढा.

गाऊन स्वतःच्या कपड्यांवर चढवून त्या खोलीभर चालल्या. वाकल्या, वळल्या, दोन्ही हात वर केले. धुलाईखान्यातल्या बाई दारात येऊन बघत राहिल्या. "मावशी, हे काय, नाच बसवताय का?"

"मागून बघ. काही दिसतंय?"

"तुमची पाठ."

"उघडी?"

"छे! पार तंबू ठोकलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कामावर हजेरी लावायच्या आधी, मावशी वर गेल्या. खाटेभोवतीचा पडदा ओढला आणि मास्तरांना तो गाऊन चढवला. मास्तरांनी कडेची गाठ स्वतः मारली, दोनदा ओढून पाहिली, आपल्या नळीची पिशवी खिशात सरकवली आणि खाली पाय सोडले. उभे राहताना त्यांचा चेहरा वेदनेने वाकडा झाला, पण राहिले.

"मागून बघ."

मावशींनी मागे जाऊन पाहिलं. "ठीक आहे."

"नीट बघ. वाकून दाखवू का?"

"अहो, टाके तुटतील! ठीक आहे म्हटलं ना."

मास्तरांनी पडदा बाजूला केला. एक हात सलाईनच्या स्टँडवर. दुसरा हात आपोआप मागे गेला, कापड चाचपून पाहिलं, आणि मग सावकाश भिंतीच्या दांड्यावर आला. ते चालले. टोकापर्यंत गेले, घामाघूम झाले, थांबले, परत आले. समोरच्या खाटेवरचा विद्यार्थी, तो आता चाळिशीचा टकला गृहस्थ होता, उठून बसला होता.

"मास्तर, तुम्हाला हे काय वेगळं मिळालंय? आम्ही काय घोडं मारलंय?"

"घरचं आहे," मास्तर म्हणाले, आणि चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. आठवड्याने मास्तर घरी आले. पण वॉर्डात मावशींची सुटका नव्हती. विद्यार्थ्याने मागितला, टॅक्सीवाल्या काकांनी मागितला, मग मोठ्या सिस्टर स्वतः खाली आल्या. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या, आवाजात जरब असलेल्या बाई. गाऊन उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "असे चाळीस करता येतील?"

"जुन्या चादरी मिळाल्या तर येतील."

"मिळतील."

पंधरा दिवस मावशी जेवणाची सुट्टी यंत्रावरच काढत होत्या. चाळीस गाऊन वर गेले. आणि मग महिनाभराने स्टोअरचे साहेब खाली आले.

साहेब तसे वाईट नव्हते. नियमाचं पुस्तक पाठ असलेला, कामात चोख माणूस. त्यांनी एक गाऊन हातात धरला होता, पुराव्यासारखा. "मावशी, हा मंजूर नमुना नाही."

"साहेब, मंजूर नमुना मागून..."

"ते मला सांगू नका. उद्या प्रत्येक जण आपापल्या मनाने शिवायला लागला तर कसं चालायचं? सगळे उसवून पहिल्यासारखे करा. पुढच्या आठवड्यापर्यंत."

वाद घालणं मावशींच्या स्वभावात नव्हतं. साहेब गेल्यावर त्यांनी कात्री घेतली आणि उसवायला बसल्या. एक उसवला. दुसरा उसवला. तिसऱ्याचं काज कापताना त्यांचा हात थांबला. शिवलेलं उसवणं हे त्यांच्या रोजच्या कामातलंच होतं, पण चांगलं शिवलेलं असं कधी उसवलं नव्हतं.

त्याच वेळी मोठ्या सिस्टर गाऊन न्यायला आल्या. टेबलावरचे तुकडे पाहिले, सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "एक जुना गाऊन द्या. न बदललेला. आणि चला माझ्याबरोबर."

साहेबांना वॉर्डात बोलावलं गेलं. सिस्टर अगदी आदराने म्हणाल्या, "साहेब, तुमचा दोन मिनिटं वेळ हवा. हा घाला. कपड्यांवरूनच घाला, काही हरकत नाही."

पेशंट बघत होते. साहेबांना नाही म्हणणं जमेना. गाऊन चढवला. सिस्टरनी मागचे बंद बांधले. वरचा आणि खालचा बांधला गेला, मधला मुळातच तुटलेला होता.

"आता हा स्टँड धरा. आणि त्या टोकापर्यंत चालून या."

साहेब निघाले. अंगात शर्ट होता, पँट होती, पट्टा होता. कुणाला काही दिसण्यासारखं नव्हतं. पण चार पावलांवर गाऊन मागून फाकला आणि वाऱ्याची झुळूक लागली, तसा साहेबांचा उजवा हात आपणहून मागे गेला आणि त्याने दोन्ही पल्ले घट्ट धरले.



"साहेब," सिस्टर म्हणाल्या, "आता भिंतीचा दांडा धरून दाखवा."

साहेब थांबले. आपल्या मागच्या हाताकडे त्यांनी मान वळवून पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. टॅक्सीवाले काका तपासणीला म्हणून त्या दिवशी आले होते. त्यांना राहवलं नाही. "साहेब, तुम्ही तर पँटीत आहात!" आणि मग आधी साहेबच हसले, म्हणून बाकीच्यांना हसता आलं.

सिस्टरनी पेशंट पडल्याच्या नोंदींची वही काढून दाखवली. चार नंबरमध्ये महिन्याला चार-पाच जण पडायचे, ठरल्यासारखे. नवे गाऊन आल्यापासून एकच जण पडला होता, आणि तोही स्वतःच्या चपलेत अडखळून. साहेबांनी वही दोनदा वाचली. मग गाऊन काढून व्यवस्थित घडी घातली, मावशींजवळ आले आणि खिशातून पेन काढून म्हणाले, "काज खांद्यापासून किती इंचांवर आहे? मंजुरीला पाठवायचं तर मापं लागतील."

मंजुरी यायला सात महिने लागले. सात महिने साहेबांनी चार नंबरकडे काणाडोळा केला. नियमाच्या माणसाला ते किती जड गेलं असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

घरी मास्तरांना मावशींनी ही सगळी हकिकत सांगितली. ते ऐकत होते, सुयांमध्ये दोरे ओवत. सांगून झाल्यावर त्यांनी शेवटची सुई डबीत खोचली. मग म्हणाले, "ते तीन उसवलेस ना, ते पुन्हा शिवलेस का?"

"त्याच दिवशी शिवले."

"शाब्बास," मास्तर म्हणाले. एवढंच. पण चौतीस वर्षांत हा शब्द त्यांनी फक्त मैदानावरच्या पोरांसाठी राखून ठेवला होता. मावशी स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाचच नळ सोडून उभ्या राहिल्या.

यानंतर मावशींनी एक सवय लावून घेतली. दर गुरुवारी सकाळी तासभर टेप आणि सुईची डबी घेऊन त्या वर जात. ज्या वॉर्डातून एकाच जागी फाटलेलं कापड येई, त्या वॉर्डात. सल्ले देत नसत. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून नुसत्या बघत. सांधे धरलेल्या बायकांना गळ्याचं बारीक बटण लावता येत नाही, म्हणून तिथे बंद आले. अभ्र्याची शिवण गालाखाली येते, म्हणून ती बाजूला सरकली.

एका गुरुवारी त्या बायकांच्या वॉर्डात गेल्या. तिथे एक आजी होत्या. झटक्याने वाचा गेलेली, उजवी बाजू लुळी पडलेली. डाव्या हाताने त्या दिवसभर गळ्याशी ओढत, गाऊन ओरबाडत, सलाईनची सुई उपसून काढत. नर्सचा नाइलाज झाला होता. शेवटी आजींचा डावा हात पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधून ठेवला होता. त्यांच्या सूनबाई उशाशी बसून म्हणाल्या, "मेंदूवर परिणाम झालाय म्हणतात. स्वस्थ पडतच नाहीत."

मावशी स्टूल ओढून जवळ बसल्या. आजी बघत होत्या, टक लावून. बांधलेला हात हिसडत होत्या, आणि मान एकाच बाजूला घासत होत्या, पुन्हा पुन्हा.

"सूनबाई, यांना जरा पुढे घेऊ का?"

दोघींनी मिळून आजींना हलकेच पुढे केलं. मावशींनी गळ्याच्या मागे बोट घातलं. तिथे रुग्णालयाच्या शिक्क्याची जाड, खळ दिलेली पट्टी शिवलेली होती. धुऊन धुऊन तिचा कोपरा काट्यासारखा ताठ झाला होता. त्याखालची कातडी सोलवटून लाल झाली होती, रुपयाएवढी जागा.

सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला.

मावशींनी कात्री काढली. पट्टीचे चार टाके एकेक करून कापले आणि पट्टी खिशात टाकली. नर्सकडून मलम मागून घेतलं आणि बोटाच्या टोकाने लावलं. मग नर्सकडे पाहिलं. नर्सने क्षणभर विचार केला आणि हाताची पट्टी सोडली.

आजींचा हात सुटला. तो वर गेला, मानेमागे पोहोचला, तिथे चाचपून पाहिलं. काहीच नव्हतं. हात सावकाश खाली आला आणि चादरीवर विसावला. आजींनी एक लांब श्वास सोडला, इतका लांब, जणू कित्येक दिवस तो धरून ठेवला होता.

"आई," सूनबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आजींच्या कपाळावरचे केस मागे सारले.

मावशी उठायला लागल्या, तशी आजींची दोन बोटं त्यांच्या मनगटावर आली. धरायची ताकद त्यांत नव्हती, नुसती टेकली होती. मावशी पुन्हा स्टुलावर बसल्या. खाली शिवायला ढीग पडला होता. पण आजींचा डोळा लागेपर्यंत त्यांनी मनगट हलवलं नाही.